सासूकडून सुनेकडे आलेला गलगंड

शाळेच्या आरोग्य तपासणीत दात, डोळे, कान, उंची, वजन एवढं बघेपर्यंत मधली सुट्टी होते. मान तपासायची राहून जाते, कारण मुलांचा गलगंड दुखत नाही, खुपत नाही, त्याने ताप येत नाही. मी मात्र गेली काही वर्षं प्रत्येक मुलाची मान चाचपते. अर्ध्या मिनिटाचं काम. मुलाला समोर उभं करायचं, दोन्ही अंगठे श्वासनळीच्या दोन बाजूंना अलगद टेकवायचे आणि म्हणायचं, "आवंढा गिळ बघू." थायरॉईड ग्रंथी श्वासनळीला धरून असते, म्हणून गिळताना ती अंगठ्यांखालून वर सरकते आणि पुन्हा खाली येते. तिचा डावा किंवा उजवा भाग अंगठ्याच्या टोकाच्या पेरापेक्षा मोठा लागला, तर ग्रंथी वाढली आहे असं धरायचं. अंगठा तपासणाऱ्याचा नव्हे, त्या मुलाचा. पहिलीतल्या मुलाची ग्रंथी आपल्या अंगठ्याशी ताडून पाहिली तर निम्मे गलगंड निसटतील.

सातवीतली एक मुलगी समोर आली तेव्हा तिने शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं होतं. उकाड्याचे दिवस होते. बटण काढायला सांगितलं तर आधी मागे वळून मैत्रिणींकडे पाहिलं, मग काढलं. मान सरळ असतानाच ग्रंथी दिसत होती, म्हणजे ग्रेड २. मान सरळ असताना दिसत नाही पण हाताला लागते ती ग्रेड १, आणि दिसतही नाही, लागतही नाही ती ग्रेड ०. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात सगळ्यांनाच आहे ते."

तिचा भाऊ त्याच शाळेत चौथीत होता. त्याला बोलावलं. ग्रेड १. त्याची ग्रंथी मऊ लागली. बहिणीची काहीशी घट्ट होती. त्या दिवशीच्या वहीत तिच्या नावापुढे मी "घट्ट" असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. ते प्रश्नचिन्ह नंतर सव्वा वर्ष वहीतच राहिलं. या प्रकरणाबद्दल लिहावंसं वाटलं त्याचं निम्मं कारण ते आहे.

मुलांची नावं इथे देत नाही. थोरली आणि धाकटा म्हणते.

घराण्यातलं दुखणं

शाळेत आणखीही काही मुलांच्या माना हाताला लागल्या, पण एकाच घरातली दोन मुलं हीच. सहा ते बारा वयाच्या शाळकरी मुलांत शेकडा पाच किंवा जास्त जणांना गलगंड आढळला, तर तो साऱ्या वस्तीचा आरोग्याचा प्रश्न समजला जातो. एकाच घरात आढळला तर मात्र लोक लगेच म्हणतात, घराण्यातलं आहे. डॉक्टरही म्हणतात. एकदा तसं म्हटलं की पुढे काही शोधावं असं कुणालाच वाटत नाही.

मी त्यांच्या घरी गेले. आजीने बसायला दिलं आणि स्वतःच्या गळ्यावरचा पदर बाजूला करून गलगंड दाखवला. तिशीपासून होता, आता लिंबाएवढा झाला होता. "हे आमच्या घराण्यातच आहे हो डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंना होता, मला झाला, सुनांना झाला, आता पोरीला. कुणाला चुकला नाही."

मी वहीत घराचा नकाशा काढायला घेतला. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ, गलगंड असेल तर आत रंग भरायचा. आजीच्या सासूबाई, रंगवलेलं वर्तुळ. आजी, रंगवलेलं. मोठी सून म्हणजे मुलांची आई, तिचीही ग्रंथी हाताला लागली, रंगवलं. धाकटी सून म्हणजे मुलांची काकू, लग्न होऊन पाच वर्षं झालेली, ग्रेड १, रंगवलं. आजीची मुलगी, म्हणजे आत्या, त्या दिवशी माहेरी आली होती. तिची मान मी दोनदा तपासली. काहीही नाही. लहानपणी होता, लग्नानंतर जिरला, असं तीच म्हणाली. मुलांचे वडील पंधरा वर्षं बाहेरगावी नोकरीला आहेत, सुट्टीला येतात. त्यांचीही मान साफ. घरीच राहणाऱ्या काकांची ग्रंथी किंचित हाताला लागली.

नकाशा पुरा झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. आजी आणि त्यांच्या सासूबाई यांचं रक्ताचं नातं नाही. आजी आणि सुना यांचंही नाही. तिघी-चौघी वेगवेगळ्या घरांतून आलेल्या बायका, आणि प्रत्येकीला या घरात आल्यावर गलगंड झालेला. ज्यांच्या अंगात या घराचं रक्त आहे ती आत्या आणि ते वडील मात्र घर सोडून गेले आणि सुटले. सासूकडून सुनेकडे रक्त जात नाही. स्वयंपाकघर जातं.

तेवढ्यावर निकाल लावता येत नाही, हे मलाही कळत होतं. गलगंड बायकांत अधिक आढळतो. वयात येताना आणि गरोदरपणात थायरॉईडवर जास्त भार पडतो, म्हणून नव्या सुनेला तो होण्याचं तेही एक कारण असू शकतं. शिवाय सगळ्या परिसराच्या मातीतच आयोडीन कमी असेल तर सासर काय नि माहेर काय. म्हणून शेजारची चार घरं पाहिली. त्याच पाण्यावर जगणारी, त्याच मातीतला भाजीपाला खाणारी. तिथे म्हाताऱ्या बायकांना गलगंड होता, मुलांना नव्हता. आयोडीनयुक्त मीठ यायच्या आधी ज्यांची वाढ झाली त्यांचा राहिला, नंतरच्या पिढीला झाला नाही, असं सरळ दिसत होतं. या एका घरात मात्र नंतरच्या पिढीलाही झाला.

मिठाचा थेंब

आयोडीनचा हिशोब फार थोडक्या प्रमाणाचा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला १२० मायक्रोग्रॅम लागतं, मोठ्यांना १५०, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला २५०. सत्तर वर्षांच्या आयुष्यात माणसाला लागणारं सगळं आयोडीन एकत्र केलं तर चार ग्रॅमही भरत नाही, चहाचा चमचाही पुरता भरणार नाही. पण ते रोज मिळावं लागतं. मिळालं नाही तर थायरॉईडला हार्मोन बनवता येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचं हार्मोन वाढवून तिला जुंपत राहते, आणि रक्तातलं थोडकं आयोडीन ओढून घेण्यासाठी थायरॉईड आकाराने वाढत जाते. गलगंड म्हणजे त्या ग्रंथीने चालवलेली धडपड आहे. माणूस दिवसाला दहा ग्रॅम मीठ खातो असं धरलं, तर घरातल्या मिठात १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग आयोडीन असलं की मोठ्या माणसाची गरज भागते.

मी मिठाच्या चाचणीची कुपी नेहमी बरोबर ठेवते. त्यातला एक थेंब मिठावर टाकला की आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं. किती आयोडीन आहे हे त्यावरून नेमकं सांगता येत नाही, पण आहे की नाही एवढं कळतं. आजीने पोत्यातलं खडेमीठ मूठभर आणून दिलं. पोत्यावर आयोडीनयुक्त असं छापलेलं होतं. थेंब टाकला, खड्याभोवती फिकट निळं वलय उमटलं. म्हणजे मीठ ठीक. मी जरा हिरमुसलेच. मग सहज म्हणून चुलीशेजारच्या भांड्यातलं, रोज हाताने घेऊन आमटी-भाजीत घालायचं मीठ मागितलं. थेंब टाकला. पाण्याचा थेंब पडावा तसा तो नुसता जिरला. दुसऱ्या ठिकाणी टाकला, तिसऱ्या ठिकाणी टाकला. रंग नाही.

"हे त्याच पोत्यातलं?" मी विचारलं.

"त्यातलंच की," काकू म्हणाली. "धुऊन घेतलंय ना ते."

या घरात खडेमीठ धुऊन घेतात. पोतं आलं की मीठ पाण्यात खळबळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, मीठ उन्हात वाळवायचं, तव्यावर परतून कोरडं करायचं आणि चुलीजवळच्या उघड्या भांड्यात भरायचं. आजीला हे त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं. मिठात माती असायची त्या काळी ते शहाणपणाचंच होतं. आजीने सुनांना शिकवलं. आयोडीन मिठाच्या खड्यावर फवारलेलं असतं, ते बाहेरच्या अंगालाच बसतं. पहिल्याच पाण्यात त्यातलं बरंचसं निघून जातं, उरलेलं ऊन, आच आणि दमट हवेत कमी होत जातं. पोतं घरात येईपर्यंत जे टिकलं होतं ते अंगणात वाहून जात होतं.

मला त्या बायकांचा दोष अजिबात वाटत नाही. त्या स्वच्छतेनेच वागत होत्या. ज्यांनी मिठात आयोडीन घातलं त्यांनी ते धुवू नका एवढं पोत्यावर ठळकपणे लिहायला हवं होतं, आणि आम्ही डॉक्टरांनी घरी जाऊन सांगायला हवं होतं.

दोन्ही मुलांच्या लघवीचे नमुने घेतले, आयोडीन कमी आलं. एका नमुन्यावरून एका मुलाचं निदान करू नये. आदल्या दिवशी काय खाल्लं त्याने तो आकडा वर-खाली होतो, म्हणून हे मोजमाप खरं तर गटासाठी आहे. शाळकरी मुलांच्या गटाचा मध्यक लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असेल तर पुरेसं, २० च्या खाली असेल तर तीव्र कमतरता. पण इथे मिठाचा पुरावा हातात होता, नमुना त्याच्याशी जुळत होता.

आयोडीन पुरेसं मिळालं की मुलांचा गलगंड टळतो, आणि असलेला बऱ्याचदा उतरतो, याबद्दल शंभर वर्षांत शंका उरलेली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रन नावाच्या शहरात डेव्हिड मरीन आणि ओ. पी. किंबॉल यांनी १९१७ पासून शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा, थोडे दिवस सोडियम आयोडाइड दिलं. ते घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींची. आपल्याकडे, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं, मधल्या भागात साधं. सहा वर्षांनी पाहिलं तर दोन भागांतला गलगंड निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला होता आणि साध्या मिठाच्या भागात होता तेवढाच राहिला होता. मग त्याही भागाला आयोडीनयुक्त मीठ दिलं. १९६२ साली भारताचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर. कांगड्याचा तक्ता मला आजही वाचवत नाही. साधं मीठ मिळालेल्या भागातली मुलं सहा वर्षं तशीच वाढली. ती मुलं तुलनेसाठी होती.

कोबी बंद करू का?

आईने पहिला प्रश्न हा विचारला. परसात कोबी, फ्लॉवर होता आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की कोबीने थायरॉईड वाढतं.

हे अगदीच खोटं नाही. १९२८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ॲलन चेस्नी सशांवर वेगळ्याच, म्हणजे सिफिलिसच्या प्रयोगांसाठी काम करत होते. सशांचं खाणं मुख्यतः कोबी. त्या सशांच्या मानेत गलगंड दिसू लागले. कोबीच्या कुळातल्या भाज्यांत आणि मोहरीत अशी द्रव्यं असतात, ज्यांपासून थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारे पदार्थ तयार होतात. पण ससा दिवसभर कच्चा कोबी खात होता. माणूस चार घास खातो, तेही शिजवून, आणि शिजवताना ती द्रव्यं मोकळी करणारं एन्झाइम बरंचसं निकामी होतं. आयोडीन पुरेसं असेल तर भाजीतला कोबी कुणाचंही काही बिघडवत नाही. मी तिला सांगितलं, कोबी खुशाल खा, मीठ धुऊ नका.

अन्नाचा अडथळा खरोखर केव्हा जाणवतो हे कांगोतल्या किवू सरोवरात असलेल्या इज्वी बेटावर दिसलं. साऱ्या बेटावर आयोडीन सारखंच कमी. तरी उत्तरेत गलगंड उदंड, नैऋत्येला तुरळक. फ्रान्सवा देलांज आणि ए. एम. एर्मान्स यांच्या कामातून कळलं ते असं की उत्तरेतल्या लोकांच्या जेवणात कसावाचा कंद फार होता. नीट न भिजवलेल्या, न आंबवलेल्या कसावातून शरीरात सायनाइड जातं, शरीर त्याचं थायोसायनेट करतं, आणि थायोसायनेट आयोडीनला थायरॉईडच्या पेशीत शिरू देत नाही. आयोडीन भरपूर असेल तर ते या अडथळ्याला पुरून उरतं. आयोडीनही कमी आणि रोजचं मुख्य अन्नही कसावा, अशा वेळी गलगंड होतो. बाजरीबद्दल सुदानमधल्या दार्फुर भागात अशीच शंका घेतली गेली आणि बाजरीतली काही द्रव्यं थायरॉईडच्या एन्झाइमला अडवतात हे प्रयोगशाळेत दिसलं. अन्न आणि आयोडीन यांचा विचार नेहमी एकत्र करावा लागतो.

थायोसायनेट तंबाखूच्या धुरातूनही येतं. आजोबा त्याच खोलीत दिवसभर विड्या ओढत, जिथे मुलं अभ्यासाला बसत. त्या धुराने गलगंड झाला असं मी म्हणणार नाही. पण ज्या ग्रंथीला आयोडीन आधीच अपुरं आहे तिच्यावर आणखी एक भार कशाला, असं आजोबांना सांगितलं. ते उठून बाहेर जाऊन बसू लागले. बंद नाही केली.

धाकट्याच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाची वाटली ती त्याच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू. पांढुरकी होती. हिमोग्लोबिन तपासलं, कमी आलं. थायरॉईडमध्ये आयोडीन प्रथिनाला जोडणारं जे एन्झाइम आहे, टीपीओ म्हणतात त्याला, ते हीमवर म्हणजे लोहाच्या आधारावर चालतं. मायकेल झिमरमन आणि सहकाऱ्यांनी आयव्हरी कोस्टमधल्या शाळकरी मुलांत हे तपासलं होतं. लोह कमी असलेल्या मुलांचा गलगंड आयोडीन देऊनही कमी उतरला, लोह दिल्यावर जास्त चांगला उतरला. गलगंड झालेल्या मुलाचं हिमोग्लोबिन बघणं मला आता मिठाइतकंच आवश्यक वाटतं, आणि दुर्दैवाने ते क्वचितच बघितलं जातं. धाकट्याला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जंताची गोळी दिली.

ऐकू येण्याचीही तपासणी केली, दोघांचीही. पेंड्रेड नावाच्या आनुवंशिक विकारात जन्मजात बहिरेपणा आणि गलगंड बरोबर येतात. व्हॉन पेंड्रेड या डॉक्टरने दोन बहिणींत तो १८९६ साली पाहिला होता. घरात दोन भावंडांना गलगंड असेल तर ऐकण्याबद्दल विचारलंच पाहिजे. दोघांचे कान उत्तम होते. आईवडिलांचं आपसात नातंही नव्हतं. हार्मोन बनवण्याच्या जन्मजात बिघाडांची शक्यता त्यामुळे मागे पडली, कारण त्यांतले बहुतेक दोन्हीकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतात आणि नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात.

दोघांचं टीएसएच तपासलं. धाकट्याचं ठीक. थोरलीचं वरच्या मर्यादेला टेकलेलं, पण मर्यादेत. मी समाधानी होते. सासू-सुनांचा नकाशा, धुतलेलं मीठ, न उमटलेला रंग, इतकं चोख जुळलेलं प्रकरण रोज मिळत नाही.

सव्वा वर्षाने

मीठ धुणं बंद झालं. आजीला पटायला वेळ लागला. तिच्यासमोर मूठभर खडेमीठ धुऊन, आधीचं आणि नंतरचं अशा दोन्ही मिठांवर थेंब टाकले, तेव्हा एकदाचं पटलं. मग बारीक मीठ, झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब, आणि शक्य तेव्हा भाजी शिजत आल्यावर घालायचं, असं ठरलं. काकू पुन्हा गरोदर राहिली होती. तिला हे दुप्पट गरजेचं होतं, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते. तिच्या तपासण्या वेळच्या वेळी झाल्या.

सव्वा वर्षाने मी पुन्हा शाळेत गेले. धाकट्याची ग्रंथी शोधावी लागली. काकूची तर आणखी लहान झाली होती. आजीची तशीच होती, ती उतरणार नव्हतीच. वर्षानुवर्षं वाढलेल्या गलगंडात गाठी आणि तंतू तयार होतात, त्यांच्यावर मिठाचा उपाय चालत नाही.

थोरली आली. बटण गळ्यापर्यंत. ग्रंथी पहिल्यापेक्षा मोठी. घट्ट, रबरासारखी, वरून खडबडीत. वहीत मागची पानं उलटली आणि ते "घट्ट?" दिसलं.

आयोडीनच्या कमतरतेने सुरुवातीला वाढलेली मुलांची ग्रंथी सहसा मऊ आणि गुळगुळीत असते. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी त्या प्रश्नचिन्हाचं काही केलं नाही, कारण माझ्याकडे सगळ्या घराला लागू पडणारं एक उत्तर होतं. टीएसएच पुन्हा पाठवलं. आता १२, म्हणजे सरळ वाढलेलं. या वेळी टीपीओच्या विरुद्धच्या अँटिबॉडीही तपासल्या. खूप जास्त आल्या. तिला हाशिमोटोचा थायरॉयडायटिस होता. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलेला हा विकार. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते. जिथे आयोडीन पुरेसं आहे अशा ठिकाणी मुलांमधल्या गलगंडाचं ते एक फार मोठं कारण आहे. मुलींत मुलांपेक्षा कितीतरी जास्त, आणि घराण्यात चालत येणारं.

आईने विचारलेला प्रश्न बरोबर होता: "मीठ बदललं म्हणून झालं का हे?" कमतरता भरून काढल्यावर अशा अँटिबॉडी समाजात काही काळ वाढलेल्या आढळल्या आहेत, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. पण थोरलीची ग्रंथी मीठ बदलायच्या आधीच घट्ट होती. मीठ पुन्हा धुऊन तिचा विकार गेला नसता, आणि धाकट्याचा गलगंड मात्र परत आला असता. मीठ तसंच चालू ठेवलं. थोरलीला थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्याच हार्मोनची गोळी सुरू केली, सकाळी उपाशीपोटी.

मग मी त्याच नकाशाकडे पुन्हा पाहिलं. आजीने "घराणं" म्हटलं तेव्हा त्यांना त्यांचं, म्हणजे मुलांच्या बापाचं घराणं म्हणायचं होतं. मी विचारलं तेही त्यांनाच. आईचं वर्तुळ मी सुनांच्या ओळीत टाकून रंगवलं होतं. तिच्या वरची जागा कोरी होती. थोरलीचं निम्मं रक्त ज्या घराचं, त्या घराबद्दल मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

या खेपेला मी आईला एकटीला बसवलं आणि आधी तिच्याच मानेवर अंगठे ठेवले. लहान, घट्ट, खडबडीत. आवाज बसलेला. केस गळतात, उकाड्यातही थंडी वाजते, पाय सुजतात, दुपारी उभ्या उभ्या झोप येते. किती दिवस? "धाकटा झाल्यापासून." ते सगळं घरकामाने होतं असं तिला वाटत होतं, घरातल्यांना वाटत होतं, आणि मागच्या खेपेस तिच्याशी बोलताना मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिचं टीएसएच ४० च्या वर आलं. नऊ वर्षं ती तशीच राबत होती.

"माहेरी कुणाला थायरॉईड?" मी विचारलं.

"आईच्या गळ्याला सूज होती. ताई गोळी घेते. कसली ते नाही विचारलं कधी."

मी नवं पान घेतलं. आईची आई, रंगवलेलं वर्तुळ. मावशी, रंगवलेलं. आई, थोरली. हे रंग खरोखर रक्ताने उतरत आले होते, आणि त्याच घरात, त्याच वेळी धुतलेल्या मिठाचा गलगंडही होता. म्हणून तो एकच वाटत होता. धाकट्यात आईचा विकार येईल का हे आज सांगता येत नाही. त्याच्या अँटिबॉडी तपासल्या, नव्हत्या. वर्षातून एकदा त्याची मान आणि उंची बघत राहणार आहे.

थोरलीचा गलगंड लगेच उतरेल असं वचन मी दिलं नाही. घट्ट झालेली ग्रंथी हळूहळू लहान होते, कधी होतही नाही. चार महिन्यांनी टीएसएच ठीक झालं, वर्गात डुलक्या येणं थांबलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा उंची भरभर वाढली. आईची गोळी दोनदा वाढवावी लागली.

नकाशात मावशीच्या खाली एक वर्तुळ कोरं होतं. तिची मुलगी, आठ वर्षांची, दुसऱ्या गावी. मी त्यावर बोट ठेवून विचारलं, हिची मान कुणी पाहिली आहे का. आईने काही न बोलता फोन उचलला आणि बहिणीला लावला. "ताई," ती म्हणाली, "पोरीला उजेडात उभी कर, मान जरा वर करून आवंढा गिळायला सांग, आणि बघ. आत्ता बघ, मी थांबते."